कानातलं घर

१

एक होतं घर. घरात एक सासू, एक सून, सुनेचा नवरा आणि एक शिलाई मशीन. मशीनला माणसांत धरलं म्हणून हसू नका, घरात सगळ्यांत जास्त तेच बोलायचं. सासू म्हणजे मी. आमच्याकडे तसं कशाची ददात नव्हती, फक्त पाळणा नव्हता. दोनदा वाट बघितली आणि दोन्ही वेळा अर्ध्यावरच सगळं थांबलं. तिसऱ्यांदा सुनेला दिवस गेले तेव्हा आम्ही ती गोष्ट मोठ्याने बोललोसुद्धा नाही. जणू कुणी ऐकत बसलंय.

सून पडदे शिवते. उजेड हवा म्हणून मशीन खिडकीला लावलेलं. त्यामुळे दिवसभर तिचं तोंड खिडकीकडे आणि पाठ खोलीकडे. तिच्या मागे कपाट, आणि कपाटाच्या आडोशाला माझी खुर्ची. मी बॉबिन भरते, मशीनच्या पोटात बसते ती दोऱ्याची बारकी रिळं. हाताने फिरवायचं एक लहानसं चाक आहे, त्यावर दोरा गुंडाळायचा, शेवटी टोक दाताने तोडायचं. पुढचे दोन दात शाबूत आहेत ते याच कामासाठी, असं माझा मुलगा म्हणतो.

सुनेचा दोरा संपला की ती डावा हात खांद्यावरून मागे करायची आणि तळवा उघडायची.

"आई, करडी."

मी तळव्यावर करडी बॉबिन ठेवायची. वळून बघायचं नाही, थांबायचं नाही. जड पडदा एकदा सुईखाली सरकायला लागला की नजर हलवून चालत नाही, टाका वाकडा जातो. वर्षानुवर्षं आम्ही दोघी अशाच बोललो, तिच्या पाठीशी मी आणि खिडकीशी ती. भांडलोसुद्धा तशाच. समोरासमोर भांडलो असतो तर कदाचित टिकलो नसतो.

माझ्या भरलेल्या बॉबिनला एक खोड होती. तरुणपणी दारात सापडून माझ्या उजव्या हाताचं पहिलं बोट वाकडं झालं, ते तसंच राहिलं. दोरा त्या बोटावरून घसरतो आणि बॉबिन एका अंगाला पोट काढते. सून कुरकुरायची, "आई, ही पण गरोदर!" मग स्वतःच गप्प व्हायची.

आणि मधूनच, मशीन चालू असताना, पाठीतूनच विचारायची, "आई, या वेळी होईल ना सगळं नीट?"

मी म्हणायची, "पांढरी भरू का आता?"

२

गुडघे धरले म्हणून डॉक्टरीणबाईंनी मला रोज चालायला सांगितलं. सुनेला सांगितलं, बसून हलकं काम कर, पण दचकायचं नाही, धावपळ नाही, मनाला धक्का बसेल असं काही नाही. थोडक्यात मी हलायचं आणि तिने हलायचं नाही.

मला एकटीला चालायचा कंटाळा. तेव्हा मुलाने एक गाण्यांची डबी आणली. काड्यापेटीएवढी, कमरेला चिमट्याने अडकवायची. आत म्हणे हजार गाणी. मी म्हटलं, एवढी गाणी संपेपर्यंत चालले तर परत कधी येऊ?

डबीला हेडफोन हवे म्हणून आम्ही दुकानात गेलो. दुकानदार काटकुळा, चष्मा दोरीने गळ्यात टांगलेला, पण मोठा समजूतदार. त्याने आधी कानात खुपसायचे बारके दिले. ते माझ्या कानांतून ओघळून खाली पडले. वयाबरोबर कान लोंबायला लागतात, हे कुणी आधी सांगत नाही.

मग त्याने स्पंजाचे दिले, कानांवर नुसते टेकणारे.

"आजी, हे घ्या. बाहेर चालायला उघडेच बरे. गाणं पण ऐकू येतं आणि भोवतालचं पण. मागून सायकल आली तर कळायला नको?"

"मागून आलेलं मला आजवर कधी कळलं नाही," मी म्हटलं. "ते मोठे कसले?"

मोठे म्हणजे कान पूर्ण झाकणारे. गुबगुबीत गाद्यांचे, काळे. दुकानदार म्हणाला ते घरात बसून ऐकायचे, बाहेर त्यांचा उपयोग नाही, सगळंच बंद होतं. पण मी ते डोक्यावर चढवले होते आणि त्याचे ओठ नुसते हलत होते.

काय सांगू तुम्हाला! बाहेरचा रस्ता गेला. दुकानातला पंखा गेला. आणि मशीन गेलं. सुनेच्या मशीनची खडखड माझ्या कानांत अशी मुरली होती की झोपेतही ती चालू असायची. ती थांबली. माझे डोळेच भरून आले.

मुलगा म्हणाला, "असू दे, हेच द्या. ती बागेत चालणार आहे, तिथे कुठल्या गाड्या?"

दुकानदाराने खांदे उडवले. "बघा बुवा. मी सांगायचं काम केलं."

३

बाग जवळच होती. मधोमध तळं, त्याच्या कडेने फरशीची वाट, वाटेवर बाकं. मी सकाळची कामं आटोपून निघायची आणि तळ्याला फेऱ्या मारायची. लोक माझ्याकडे बघून हसायचे. पिकलेल्या डोक्यावर ते काळं टोपण कसं दिसत असेल याची मला कल्पना होती. पण पाय आपोआप पडायचे.

पहिले काही दिवस गाणी ऐकली. मग एकदा एक गाणं संपलं आणि दुसरं लागायच्या आत, त्या रिकाम्या जागेत, मला मशीन ऐकू आलं.

मी मनात म्हटलं, आलंस का परत. बोटीतून उतरलं तरी जमीन हलते म्हणतात, त्यातलंच हे. कानाची सवय. दुसरं गाणं सुरू झालं, मी विसरले.

पण पुढच्या रिकाम्या जागेत मशीनबरोबर नळही होता. आमचा मोरीतला नळ, थेंब पडल्यावर जरा थांबून, विचार करून दुसरा टाकणारा. मग शेजारणीने दार आपटलं. मग काहीतरी लोखंडी जमिनीवर पडलं, खणकन, आणि मशीन थांबलं, आणि पुन्हा सुरू झालं.

आता हे ऐकून मी घाबरले असेन असं तुम्हाला वाटेल. मला उलट बरं वाटलं. घर सोडून गेलं की घराची काळजी असते. इथे घर आपलं कानाशी. मी घरी आले आणि सहज विचारलं, "मघाशी काही पडलं का गं?"

"कात्री पडली," सून म्हणाली. मशीन चालूच.

"मग वाकली नाहीस ना तू? डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या आहेत?"

ती हसली. "असं काय करता आई? तुम्हीच तर उचलून दिलीत."

मी चपला काढत होते. एक काढली, दुसरी पायातच राहिली.

पोटुशी बाई विसराळू होते, मी मनाशी म्हटलं. मीही झाले होते. एकदा तर दूध म्हणून चुलीवर रिकामं पातेलं ठेवलं होतं. असेल. स्वतः उचलली असेल आणि ओरडा बसेल म्हणून माझ्यावर ढकलत असेल. हुशार आहे ती.

४

मग बॉबिन. दुसऱ्या दिवशी बागेतून आले तर खुर्चीजवळच्या डब्यात भरलेल्या बॉबिन होत्या. मी रिकाम्या ठेवून गेले होते. एक उचलून खिडकीच्या उजेडात धरली. दोरा असा बसला होता जसा तळ्यात पाणी. सपाट. एका अंगाला पोट नाही, काही नाही.

"आज बॉबिन छान भरल्यात हं आई," सून पाठीतून म्हणाली. "टाका कुठे अडकतच नाही. एवढे दिवस काय मुद्दाम छळत होतात?"

मी दोऱ्याचं टोक चाचपलं. दाताने तोडलेलं होतं. आणि ओलं होतं.

मी तो डबा मांडीवर घेतला. सुनेला विचारायचं तोंडाशी आलं, पण "दचकायचं नाही" हे आठवलं. काय विचारणार? मी घरात नसताना माझ्या खुर्चीत कोण बसतं?

मुलाला मात्र सांगितलं. तो मालाची गाडी चालवतो, हिशेबी माणूस. त्याने हेडफोन कानाला लावले, वायर हलवली, डबी उलटसुलट केली.

"आई, गाणं वाजतंय. एवढंच वाजतंय."

"गाणं संपल्यावर ऐक."

त्याने ऐकलं. "आता काही नाही वाजत."

"आता तू घरात आहेस रे. घरात घर कसं ऐकू येईल?"

तो माझ्याकडे असा बघत राहिला की मला माझीच कीव आली. "आई, तू फार काळजी करतेस," तो म्हणाला. "तिची पण करतेस, माझी पण. डोकं शिणतं. थोडे दिवस बाग बंद कर हवं तर."

बंद करायला हवी होती म्हणाल. पण मी गेले नाही तर मला कळणार कसं? घरी बसले की खुर्चीत मीच, मग कसला आवाज आणि कसलं काय. घरावर लक्ष ठेवायचं तर मला घराबाहेरच पडायला हवं होतं.

मी गेले. गाणी बंदच ठेवली, नुसतं काळं टोपण चढवून तळ्याभोवती चालत राहिले. मशीन चालू होतं. नळ विचार करत होता. चपलांचा आवाज आला, एक पाय जरा ओढत. गुडघा धरला की मी तशी चालते. मग खोकला. तो खोकला मी ओळखते, इतकी वर्षं मी तो खोकतेय.

मग सून म्हणाली, "आई, या वेळी होईल ना सगळं नीट?"

मी वाटेतच थांबले. मागून येणारा एक गृहस्थ मला चुकवून पुढे गेला, काहीतरी पुटपुटला, मला ऐकू आलं नाही.

"होईल," माझा आवाज म्हणाला. किती मायेने म्हणाला! मला तसं कधी जमलं नाही. "मी आहे ना इथे. सगळं नीट होईल. तू फक्त मागे बघू नकोस."

५

त्या रात्री सून पोटभर जेवली. गुणगुणलीसुद्धा. मुलगा म्हणाला, बघितलंस, उगाच घाबरतेस. मी सुनेकडे बघत राहिले. इतक्या दिवसांनी कुणीतरी तिला हवं ते उत्तर दिलं होतं आणि ती फुलली होती. आता मी तिला काय सांगू? ते उत्तर देणारी मी नव्हते, हे?

सकाळी निघताना मी तिला म्हटलं, "मी बागेत चालले गं. खुर्ची रिकामी आहे. ऐकलंस ना?"

"हो हो, या जाऊन." तिने मान हलवली, पडद्यावरची नजर हलवली नाही.

तळ्याची अर्धी फेरी झाली असेल. ऊन छान पडलं होतं. बाकावर एक बाई लोकरीचं काहीतरी विणत होती. माझ्या कानांत मशीन चालू होतं, आणि ते थांबलं. दोरा संपल्यावर थांबतं तसं नाही. मधेच.

"अय्या! आई, लाथ मारतंय," सून म्हणाली. हसत होती. "पहिल्यांदाच इतकी जोरात. या ना, हात लावून बघा."

खुर्ची करकरली.

मग चपला. एक पाय ओढत, सावकाश, कपाटाकडून मशीनकडे.

गुडघ्यांचं काय झालं मला माहीत नाही. मी धावले. या वयात बाई धावताना कशी दिसते ते त्या विणणाऱ्या बाईला विचारा. वाटभर कानांत त्या चपला होत्या. खोली ती केवढी, चार पावलांत संपणारी, पण त्या चपला येतच होत्या, जणू घाई नव्हती, जणू मी पोचेपर्यंत त्या पुरणार होत्या. जिना चढले. दार उघडंच होतं. दारात मी हेडफोन ओढून काढले आणि एकदम सगळं शांत झालं.

मशीन थांबलेलं. सुनेची पाठ. खिडकीतून आलेलं ऊन तिच्या केसांवर. ती खुर्चीत जरा मागे रेलली होती, आणि नेहमीसारखा डावा हात खांद्यावरून मागे केला होता, तळवा उघडा. कुणीतरी तो धरून पोटावर नेईल म्हणून वाट बघत.

आणि कपाटाच्या आडून एक हात पुढे आला होता. माझ्या करड्या शालीची कड, माझ्या मनगटावरचा तीळ. बाकीचं कपाटाआड. एक पाऊल पुढे टाकलं असतं तर दिसलं असतं. मी टाकलं नाही. मी फक्त हात बघितला. त्याचं पहिलं बोट सरळ होतं. दारात सापडायच्या आधी माझं होतं तसं.

तो हात सुनेच्या तळव्याकडे गेला नाही. तिच्या काखेखालून पोटाकडे निघाला होता.

सून वळायला लागली.

"मागे बघू नकोस," मी म्हटलं.

"तुम्ही हल्ली सारखं तेच म्हणता," ती म्हणाली, पण थांबली.

मी गेले. कपाटाकडे डोळा केला नाही, खिडकीवर नजर ठेवून गेले, सून पडद्यावर ठेवते तशी. आणि दुसऱ्या अंगाने हात घालून तिच्या पोटावर माझा हात ठेवला, आधी माझा. आत काहीतरी ढुशी मारत होतं, जिवंत, रागावलेलं. मग माझ्या हातावर एक हात येऊन टेकला. गार असेल असं मला वाटलं होतं. गार नव्हता. माझ्या हाताइतकाच गरम होता, एवढा की माझा कुठे संपतो आणि तो कुठे सुरू होतो ते कळेना. थोडा वेळ तो तसाच राहिला. मग निघून गेला.

खुर्ची करकरली. मी वळून बघितलं नाही.

"आई, तुमचं बोट टोचतंय," सून म्हणाली.

"टोचू दे."

"काल नाही टोचलं," ती म्हणाली, आणि पुन्हा लाथ बसली म्हणून हसली.

६

मी दुकानात गेले. ते काळं टोपण त्याच्या टेबलावर ठेवलं.

"बिघडले का आजी?"

"नाही रे बाबा. फारच चांगले आहेत. मला ते स्पंजाचे दे."

"मी पहिल्यांदाच म्हटलं होतं," तो म्हणाला आणि चष्मा डोळ्यांवर चढवून माझ्याकडे जरा निरखून बघितलं. पुढे काही विचारलं नाही. समजूतदार आहे म्हटलं ना.

आता गाण्यांच्या मधल्या जागेत सायकलची घंटा येते, कावळे येतात, बाकावरच्या गप्पा येतात. घर येत नाही. ते घरीच असतं.

मुलाकडून मशीन फिरवून घेतलं. तो म्हणाला उजेड जाईल, मी म्हटलं दिवा लाव. आता सुनेचं तोंड खोलीकडे, मी समोर. सुरुवातीला दोघींनाही लाज वाटायची, बोलायला सुचेना. तिने पुन्हा एकदा विचारलं, "होईल ना आई नीट?" या वेळी ती माझ्या तोंडाकडे बघत होती. पांढरी भरू का, असं म्हणायला जागाच नव्हती. मी म्हटलं, "मला माहीत नाही गं. पण मी इथेच आहे." तिला तेवढं पुरलं. बॉबिन पुन्हा पोट काढायला लागल्या, तिने कुरकुर केली नाही.

बागेत जाताना मी खुर्चीवर कापलेल्या पडद्यांचा ढीग ठेवून जाते. रिकामी ठेवत नाही.

मुलगी झाली. वेळेवर, धडधाकट, बापासारखं कपाळ आणि कुणासारखे तरी मोठे कान. दवाखान्यातून घरी आणली त्या दिवशी मी तिला ठेवायला म्हणून खुर्चीवरचा ढीग उचलला. ढिगाखाली एक झबलं होतं. पांढऱ्या मऊ कापडाचं, हाताने शिवलेलं.

"आई! कधी शिवलंत?" सुनेने ते गालाला लावलं. "सुई ओवता येत नाही म्हणता आणि हे टाके बघा!"

टाके मी बघितले. एकसारखे, सपाट. शेवटच्या टाक्याचं टोक दाताने तोडलेलं होतं. मी बोट लावून बघितलं.

सुनेने बाळाला झबलं घातलंसुद्धा. ती हात धुवायला मोरीत गेली आणि मी कात्री उचलली. खांद्यावरची शिवण उसवली की झालं, कुठेतरी अडकून फाटलं म्हणेन. कात्रीचं टोक शिवणीपाशी नेलं. बाळाने डोळे उघडले, त्या पांढऱ्या कापडाची कड मुठीत धरली, आणि माझ्या खांद्यावरून मागे बघत, जन्माला आल्यापासून पहिल्यांदाच, हसलं.

मी कात्री खाली ठेवली. मागे बघितलं नाही.

झबलं तिला चांगलं होतं. त्यात तिला शांत झोप लागायची. पाळणा आता मशीनच्या आणि माझ्या खुर्चीच्या मधे आहे, आणि घरात सगळ्यांत जास्त ती बोलते, मशीनचा नंबर दुसरा. उशिरा का होईना, आमच्या घरी पाळणा हलला. तुम्ही ही हकीकत इथवर ऐकलीत, तुमच्यातही कुणी वाट बघत असेल, तर त्यांच्याही घरी हलो.